कोपऱ्यातल्या पिंपाचा वास

माझ्या नोकरीचं खरं नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. बाबा नातेवाइकांना सांगायचे, "पोरगी बोईसरला औषधाच्या कंपनीत हाय." लग्नकार्यात कोणी जास्त खोदून विचारलंच, तर मावशी पानाचं तबक पुढे करून विषय बदलायची. खरी गोष्ट अशी होती की मी दारूच्या कारखान्यात दारूचा वास घेत होते, तोंडात घोळवून थुंकत होते आणि कागदावर लिहीत होते. सकाळच्या वेळात दहा-बारा ग्लास व्हायचे, आणि संध्याकाळच्या एसटीत मी ताठ बसून घरी यायची, कारण पोटात थेंबही गेलेला नसायचा. माझ्या चुलतभावाने या नोकरीला 'नाकाने कांदे सोलायची नोकरी' असं नाव ठेवलं होतं. मी त्याच्यावर वरवर चिडायची, पण मनातून मला ते पटलेलं होतं.

ही ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी रसायनशास्त्र शिकलेली, समुद्रकाठच्या घिवली गावची, नारळ-सुपारीच्या वाडीत वाढलेली. सकाळच्या एसटीने बोईसरला उतरायचं आणि तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीतून चालत जायचं. तिथे प्रत्येक गल्लीचा वास वेगळा होता. पहिल्या गल्लीत रंगाचे कारखाने, तिथे नासक्या अंड्यांचा. पुढे औषधांचे, तिथे गोडसर, कडू बदामासारखा. त्याच्यापुढे कापडाचा कारखाना, तिथे गरम इस्त्रीचा. डोळे बांधून सोडलं असतं तरी मी आमच्या फाटकाशी पोचले असते. फाटकावरचा रखवालदार उत्तरेकडचा होता. वारा वसाहतीवरून आमच्याकडे वळलेला असला की तो मला आत शिरण्याआधीच सांगायचा, "मैडम, आज हवा उलटी है." हवा उलटी असली की त्या दिवशी चव घ्यायचं काम बंद.

मला हे काम शिकवलं ते आमच्या सरांनी. कारखान्यातले मुख्य चवपारखी तेच. देशावरचे, पन्नाशी उलटलेले, उमरोळीला खोली घेऊन बायकोबरोबर राहायचे आणि सायकलने यायचे. बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी त्यांनी मला नियम सांगितले ते असे : केसांना तेल नाही, गजरा नाही, पावडर नाही, कामाच्या दिवशी सकाळी सुकी मासळी नाही, हात धुवायला साबण नाही, राख. मी म्हटलं, "सर, मग सरळ मठात जाते." ते हसले नाहीत. म्हणाले, "मठात उदबत्त्या असतात."

काम असं चालायचं. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळत्या ग्लासात बोटभर माल, तितकंच पाणी, वर काचेची चकती. चकती काढून आधी ग्लास छातीशी धरायचा, मग हनुवटीशी, मग नाकाशी, तोंड किंचित उघडं ठेवून. मग छोटा घोट, जिभेखाली, गालांत, आणि पिकदाणीत. त्यानंतर गप्प बसायचं. तोंडात मागे काय उरतं ते खरं, असं सर म्हणायचे. आम्ही दोघं समोरासमोर बसायचो, पण एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांचा चेहरा बघायचा नाही. आपापल्या कागदावर लिहायचं, कागद पालथा घालायचा, आणि दोघांचं झालं की एकदम उलटायचा. निदान तीन शब्द जुळले पाहिजेत. नाही जुळले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आणि त्यांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे कागदावर 'छान', 'गोड', 'उग्र' असं काही लिहायचं नाही. "असले शब्द कोणीही देईल," ते म्हणाले. "तुझ्या घरातली वस्तू लिही." म्हणून माझ्या कागदांवर गुळाच्या ढेपेचा तळ असायचा, उन्हात टाकलेली नारळाची सोडणं असायची, लोणच्याच्या बरणीला बांधलेलं फडकं असायचं. त्यांच्या कागदांवर गुऱ्हाळातली काईल, कडब्याची गंजी, चामड्याची मोट. माझी ढेप आणि त्यांची काईल हा एक शब्द धरायचा, असं आमचं ठरलेलं होतं.

आमचा रोजचा माल मळीचा, रंग आणि अर्क घातलेला. त्याबद्दल न बोललेलं बरं. पण मालक काही वर्षं अमेरिकेत राहून आले होते आणि तिकडची मक्याची दारू, बरबन, इथे करायचं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. तिकडचे लोक ते नाव दुसऱ्याला लावू देत नाहीत म्हणे, पण आम्ही आपसात तेच म्हणायचो. त्यासाठी त्यांनी ओक लाकडाची सहा नवी पिंपं मागवली होती, आतून जाळून काळी केलेली. मक्याचा अर्क त्यात भरून ठेवला. थंड मुलखात जे सात-आठ वर्षांत पिकतं ते आमच्या उकाड्यात तीन वर्षांत पिकतं, आणि दर उन्हाळ्यात पिंपातलं बरंचसं हवेत उडूनही जातं. तीन वर्षांनी पाच पिंपं कडूजहर निघाली, ती रोजच्या मालात मिसळून टाकली. सहावं, पश्चिमेच्या खिडकीखालच्या कोपऱ्यातलं, मात्र काही वेगळंच पिकत होतं. मालक म्हणाले, हे कशातही मिसळायचं नाही, या एकाच पिंपाच्या बाटल्या भरायच्या. कधी भरायच्या ते तुम्ही दोघं सांगा. दोघांच्या कागदावर 'भरा' आलं की भरायचं.

म्हणून दर महिन्याला एकदा आम्ही त्या पिंपातलं काढून बघू लागलो. पिंपाचं बूच काढून लांब नळीने माल काढायचं काम डोंगराकडच्या पाड्यावरच्या एका माणसाकडे होतं. शेतीचे दिवस सोडून तो आमच्याकडे पिंपं गडगडवायला यायचा. जानेवारीतली पहिलीच सकाळ होती, गोदामात चांगलाच गारवा होता. त्याने पिंपावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"हाथ लावून बगा, बाय," तो मला म्हणाला. "बाकी सगला गोदाम थंड हाय. ह्या पिंप उना हाय."

मी हात लावला. पिंप खरंच कोमट होतं, माणसाच्या पाठीसारखं. मी म्हटलं, खिडकीतून ऊन येत असेल. तो म्हणाला, "सकालचा उन हिकडं येत नाय." मग त्याने माल काढून दिला, पण तोंड दुसरीकडे वळवून. त्यानंतर दर महिन्याला तो तसंच करायचा.

त्या दिवशी मी चकती काढून ग्लास छातीशी धरला, तेव्हाच मला कळलं. नाकापर्यंत न्यायची गरजच नव्हती. घरी कढवलेलं खोबरेल. केसांत माळून वाळलेली बकुळ. दुखऱ्या दाढेखाली धरलेली लवंग. आणि त्या सगळ्याच्या मागे चुलीचा धूर, पदराला बसलेला. मी पाच वर्षांची असताना आई मला कडेवर घेऊन वाडीत पाणी लावायला जायची, तेव्हा तिच्या खांद्यावर मान टाकली की येणारा वास तो. तसाच, त्यातलं काही कमी नाही, काही जास्त नाही. मी चकती परत ठेवली.

आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

मी अडाणी नाही. जळक्या ओकमधून खोबऱ्याचा वास येतो, लवंगेचा येतो, धुराचा येतो, याची कारणं मी तेव्हाही सांगू शकत होते आणि आताही सांगू शकते. पण बकुळीचं कारण मला आजही सांगता येत नाही.

आमच्या कागदांवर त्या दिवशी एकही शब्द जुळला नाही. माझ्याकडे खोबरेल, बकुळ, लवंग. सरांच्या कागदावर ओवा, शेपा, कोळशाची शेगडी. सरांनी दोन्ही कागद पाहिले, नेहमीसारखं 'उद्या पुन्हा' म्हटलं नाही, फायलीत लावले. "थांबू," एवढंच म्हणाले. मला हायसं वाटलं. पिंप राहणार होतं.

आता आईचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. ती आजारी होती हेच आम्हांला माहीत नव्हतं. त्याआधीच्या उन्हाळ्यापासून ती वाळत चालली होती, सारखं पाणी प्यायची, उशाशी भरलेला तांब्या ठेवायची. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. पावसाळा सरता सरता घरात एक वास येऊ लागला. पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा, त्यात नखांचा रंग पुसायच्या पाण्याचा. मला तो पहिल्याच संध्याकाळी आला. माझ्या नाकाला कसा नाही येणार? आणि मला वाटलं, हा माझाच. कारखान्यांच्या वसाहतीत असा वास तीन ठिकाणी येतो, आमच्या प्रयोगशाळेतही येतो. आपण तो कपड्यांतून, केसांतून घरी आणतोय, असं मी धरून चालले. मला लाज वाटली. मी कामाची साडी वेगळी धुवायला लागले, वाडीच्या दोरीवर लांब वाळत घालायला लागले. आईच्या जवळ बसायचंही टाळायला लागले, तिला त्रास नको म्हणून. तीन आठवडे मी हे केलं. तो वास तिच्या श्वासाचा होता.

एक दिवस दुपारी कारखान्यात निरोप आला, पालघरला दवाखान्यात हलवलंय. मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. तिथले डॉक्टर तरुण होते, वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाबांना विचारलं, "यांना साखरेचा आजार होता, माहीत नव्हतं? श्वासाला वास येत नव्हता का? घरात कुणालाच आला नाही?" बाबा खाली बघत राहिले. वासावर पगार घेणारी मी, आणि गप्प उभी राहिले. त्यानंतरही कोणाला सांगितलं नाही. हे माझ्या छातीवर दगडासारखं होतं आणि मी ते कुणाला दाखवत नव्हते.

फेब्रुवारीत मी पिंपाच्या दिवसाची वाट बघत होते. लपवत नाही, नव्या नवरीसारखी वाट बघत होते. त्या महिन्यात बकुळ गेली होती. रॉकेलचा स्टोव्ह आला होता, पाटीवरची ओली पेन्सिल, शाळेच्या डब्यातली गुळाची पोळी. म्हणजे आमच्याकडे स्टोव्ह आला ती वर्षं, मी प्राथमिक शाळेत होते तेव्हाची आई. मार्चमध्ये शिलाई मशीनचं तेल आणि नवं मांजरपाट. ती गावातल्या बायकांचे झंपर शिवायची तेव्हाची. एप्रिलमध्ये डोकेदुखीचं मलम, तुळशीचा काढा, आणि तिच्या चष्म्याच्या घरातल्या मखमलीचा जुनाट वास. चष्मा तिला मी कॉलेजात असताना लागला.

एप्रिलमध्ये ग्लास खाली ठेवला आणि अंगावर सर्रकन काटा आला. सकाळीच बाहेर पत्रे तापलेले, आणि माझे पाय गार. जानेवारीत मी पाच वर्षांची होते. एप्रिलमध्ये वीस वर्षांची. पिंप एका जागी थांबलेलं नव्हतं, ते पुढे चाललं होतं. अजून दोन-तीन महिन्यांत ते कुठे पोचणार हे सांगायला मला बोटं मोजायची गरज नव्हती. आणि त्यातही शास्त्र होतंच. पिंप रिकामं होत जातं तशी आत हवा शिरते, आणि हवा शिरली की जुन्या मालाला तोच वास चढतो, केळ्याचा, नखांच्या रंगाचा. प्रत्येक पिंपाला चढतो. म्हणूनच वेळेत भरायचं असतं.

म्हणजे मी 'भरा' लिहिलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. आई चष्मा लावून मशीनवर बसलेली राहिली असती. पण मग पुढच्या महिन्यात ती मला भेटली नसती. मी लिहिलं, 'अजून पिकायचंय.' सरांनीही तेच लिहिलं होतं. या वेळीही बाकी एकही शब्द जुळत नव्हता.

मालक वैतागले. बाटल्या येऊन पडल्या होत्या, लेबलं छापून तयार होती. त्यांनी स्वतः चव घेतली आणि म्हणाले, "मस्त आहे की! तुम्ही दोघं नुसते नाकं मुरडताय." सर म्हणाले, "शेवट अजून बसलेला नाही." मालकांचा सरांच्या नाकावर आंधळा विश्वास होता, ते गेले. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. कारण त्या मालात खोट काढायला जागाच नव्हती, हे मला माहीत होतं, आणि सरांना माझ्याहून जास्त कळत होतं. मी खोटं लिहीत होते. मग सर का लिहीत होते?

मे महिन्यात सर जेवायला गेलेले असताना मी फाईल काढली. त्यांचे कागद मी जुळवण्यापुरतेच पाहिले होते, ओळीने कधी वाचले नव्हते. जानेवारी : ओवा, शेपा, कोळशाची शेगडी. फेब्रुवारी : वेखंड, दुपट्यावर ओकलेलं दूध. मार्च : काजळ, पायघोळ झबल्याचं नवं कापड. एप्रिल : नाचणीची खीर, माती खाल्लेलं तोंड. मे, त्याच दिवशी सकाळी लिहिलेलं : लाकडी पांगुळगाडा, ऊन लागलेलं जावळ.

सरांना मूलबाळ नव्हतं. उमरोळीच्या खोलीत दोघंच राहायचे, हे साऱ्या कारखान्याला माहीत होतं.

ते परत आले तेव्हा फाईल माझ्यासमोर उघडी होती. मी ती मिटली नाही. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला.

"मुलगी होती," ते म्हणाले. "तीन वर्षांची होऊन गेली. तापात. तीस वर्षं झाली. घरात तिचं काही ठेवलेलं नाही, हिला सोसायचं नाही म्हणून." चष्मा परत लावून म्हणाले, "या महिन्यात चालायला लागली."

गोदामात त्या वेळी कोणी नव्हतं, तरी तिकडून लाकूड कडकडल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनीही मान वळवली नाही.

"तुझं कोण?" त्यांनी विचारलं.

"आई."

"कुठवर आलंय?"

"टॉनिकपर्यंत," मी म्हटलं. त्या सकाळी मला लोखंडाच्या टॉनिकची चव लागली होती. आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. वास, साडी, तीन आठवडे, डॉक्टरांचा प्रश्न. कुणाला पहिल्यांदाच सांगत होते. ते ऐकत राहिले. माझं सांत्वन त्यांनी केलं नाही, तुझा दोष नाही वगैरे म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

"माझ्याकडे अजून वेळ आहे," ते शेवटी म्हणाले. "तिला ताप यायला बराच अवकाश आहे. तुझ्याकडे नाही. तुला नको असेल तर आजचा कागद बदल. 'भरा' लिही, मी खाली सही करतो."

त्यांना किती जड गेलं असेल ते बोलणं. त्यांची पोर आत्ता कुठे पांगुळगाडा धरून उभी राहिली होती आणि ते माझ्यासाठी तो हातातून सोडायला तयार होते. मी फाईल मिटली. मग म्हटलं, "नको, सर. मागच्या वेळी मी तिथे नव्हते. एसटीत होते. आता पळणार नाही."

जूनमध्ये पिंपाच्या दिवशी हवा उलटी होती, त्या महिन्यात ते काढलंच नाही. जुलै उजाडला.

त्या दिवशी पाड्यावरच्या माणसाने माल काढून दिला आणि पहिल्यांदाच थांबला. "पिंप आज थंड परला हाय, बाय," म्हणाला, आणि बाहेर गेला.

मी चकती काढली. छातीशी, हनुवटीशी, नाकाशी. आला. पिकून काळं पडलेलं केळं, नखांचा रंग पुसायचं पाणी, आणि त्याच्याखाली अगदी बारीक, ताप नसलेल्या अंगाचा गोडसर घाम. तोच. या वेळी तो माझा नाही हे मला माहीत होतं. मी ग्लास दूर केला नाही. मी घोट घेतला आणि पिकदाणीकडे हात न नेता गिळला. नोकरीतली सगळी वर्षं मिळून मी गिळलेला तो एकच घोट. घशातून जळत खाली गेला, आणि मग लागली ती तहान. तोंड कापसासारखं कोरडं पडलं. मी टेबलावरचं पाणी संपवलं, माठाकडे गेले, दोन गडवे प्यायले, आणखी दोन प्यायले, आणि तहान जाईना. माठाला टेकून उभी राहिले आणि मनात एवढंच येत होतं, हिला असं होत होतं. महिने न् महिने असं होत होतं, आणि ती रात्री उशाचा तांब्या चाचपायची तेव्हा मी कूस बदलून झोपत होते.

जागेवर येऊन मी तिन्ही वास स्पष्ट शब्दांत लिहिले. खाली लिहिलं, 'भरा.' कागद पालथा घातला.

सरांचा कागद आधीच पालथा होता. आम्ही एकदम उलटले. त्यांच्या कागदावर एकाही वस्तूचं नाव नव्हतं, फक्त 'भरा'. मी त्यांच्या ग्लासकडे पाहिलं. चकती जशीच्या तशी वर होती, काचेला आतून बाष्प धरलेलं.

"सर, तुम्ही पाहिलंच नाहीत."

"असू दे," ते म्हणाले. "चालतेय ती. तिथेच असू दे."

त्याच आठवड्यात ते पिंप रिकामं झालं. बाटल्या थोड्याच भरल्या, निम्म्याहून जास्त माल उडून गेला होता. मालकांच्या पाहुण्यांना फार आवडला, खोबऱ्याचा वास काय सुरेख उतरलाय म्हणाले. एका उरल्यासुरल्या बाटलीचा वास मी नंतर घेऊन पाहिला. चांगली मक्याची दारू होती. दुसरं काही नव्हतं.

पण त्या जुलैच्या संध्याकाळचं राहिलं. मी घरी आले तेव्हा पाऊस थांबला होता. बाबा पडवीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी पायसुद्धा धुतले नाहीत, तशीच त्यांच्यासमोर बसले. मला वाटत होतं, आज बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"बाबा, दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं ना, वास येत नव्हता का म्हणून. मला येत होता. तीन आठवडे येत होता. मला वाटलं माझ्या कपड्यांचा."

अडकित्ता थांबला. मी मान खाली घालून ऐकायची तयारी केली होती. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"माला पण येत होता," बाबा म्हणाले.

मी वर बघितलं.

"माला पण वाटला, तुज्याच कपड्यांचा हाय. कारखान्याचा. आनि तुजे आईला पण येत होता, बाय. तिचे तोंडात चव पण तीच. ती म्हनायची, पोरीचे अंगाला कारखान्याचा वास लागलाय. मी म्हनलो, सांगू काय तिला? तर माज्यावर चिडली. पोरीला येक शब्द बोलायचा नाय म्हनाली. येवढी शिकली, येवढी लांब जाते, तिला लाज वाटंल, नोकरी सोडंल. तू घरी आली का आंगोल करून बरा वाटंल म्हनून रोज तुज्या आधी पानी तापवून ठेवायची. शेवटचे दिवसात तिला उभा राहवत नवता. भिंतीला धरून जायची चुलीपर्यंत."

मला त्या पाण्याची आठवण होती. रोज संध्याकाळी मोरीत कढत पाणी काढून ठेवलेलं असायचं. शेवटच्या संध्याकाळीही होतं. मी त्याने न्हाले होते, चांगलं दोनदा साबण लावून, आणि ते कोणी तापवलं हे मी विचारलं नव्हतं.